जुन्या मोटारीची शुश्रूषा



या सदरात आम्ही नेहमी रक्तदाब, साखर, गुडघे आणि पथ्यपाणी यांवर लिहितो. या वेळचा रुग्ण जरा वेगळा आहे. त्याला चार चाके आहेत, वय पन्नाशीच्या पुढे आहे, अंगभर गंज चढला होता, आणि मुक्काम ओमान देशातील सीब गावी आहे. तरी शेवटपर्यंत वाचावे, कारण यात माणसांच्या तब्येतीचेही बरेच काही आहे. नातवंडांना जवळ बसवून मोठ्याने वाचून दाखवलेत तर फारच छान. मोटारीचे नाव काढले की पोरे कान टवकारतात, असा आमचा अनुभव आहे.

आधी सीब कुठे आले ते सांगतो. मस्कत शहराच्या पश्चिमेला, समुद्राच्या काठी हे जुने कोळ्यांचे गाव. 1973 साली तिथे विमानतळ सुरू झाला आणि त्याला गावाचेच नाव मिळाले. आखातात नोकरीला गेलेल्या आपल्या मुंबई-कोकणच्या किती लोकांनी ‘सीब’ हा शब्द पहिल्यांदा वाचला तो विमानाच्या तिकिटावर! 2008 पासून त्याचे नाव मस्कत आंतरराष्ट्रीय विमानतळ झाले, पण जुनी माणसे अजून सीबच म्हणतात, जसे आपण अजून व्ही.टी. म्हणतो. 1970 पूर्वी अख्ख्या ओमानात डांबरी रस्ता होता जेमतेम दहा किलोमीटर. त्या साली सुलतान काबूस गादीवर आले आणि देशात रस्ते, शाळा, इस्पितळे उभी राहिली. जानेवारी 2020 मध्ये ते वारले. त्यांना मोटारींचा भारी षोक होता, आणि शाही मोटारींचे संग्रहालयही सीबमध्येच आहे. म्हणजे जुन्या मोटारीवर जीव लावणे तिथे काही वेडेपणाचे मानत नाहीत.

आमच्याबरोबर मुंबईत नर्सिंग शिकलेली एक मैत्रीण लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिकडे गेली. आम्ही इकडे आलो, ती तिकडे गेली. पत्रे मात्र थांबली नाहीत. तिचे यजमान विमानतळावर तंत्रज्ञ होते. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनियरकडून त्यांनी एक दोन माणसांची, कापडी टपाची, लाल रंगाची मोटार स्वस्तात घेतली होती. एमजी कंपनीची ‘एमजीबी’, 1972 सालची. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी दोघे तिच्यातून समुद्रकाठी फिरायला जात. पुढे मूल झाले, मोठी गाडी आली, आणि लाल मोटार अंगणात ताडपत्रीखाली गेली. यजमान गेले तरी ती तिथेच. आता त्या मुलाने, वय चाळीसच्या आसपास, ती घरच्या घरी दुरुस्त करायला काढली. आम्ही सीबला कधी गेलेलो नाही. जे लिहितो ते मैत्रिणीच्या आवाजी निरोपांवरून, आणि ‘मावशी, हे बघ’ म्हणून पोराने पाठवलेल्या दीड-दोनशे फोटोंवरून.

या मोटारीची थोडी कुळकथा. एमजीबी 1962 साली इंग्लंडमध्ये अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात निघू लागली आणि 1980 साली बंद झाली. अठरा वर्षांत पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. इंजिन चार सिलिंडरचे, 1798 सीसीचे, त्याला दोन कारबुरेटर. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागे ड्रम. सारे काही इतके साधे की हाताशी पाने, जॅक आणि धीर असला तर घरचा माणूसही खोलू शकतो. म्हणूनच जगभर घराघरांत या गाडीवर हात चालतात. गंमत म्हणजे गाडी बंद पडल्यावर तिचे मूळ साचे सापडले, आणि 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी त्याच साच्यांतून नवी कोरी बॉडी काढू लागली. मुलांनो, असा पेशंट पाहिला आहे का, ज्याचे अख्खे शरीर दुकानात नवीन मिळते?

पण नवीन बॉडी महाग, शिवाय पोराला वडिलांचीच गाडी हवी होती. तेव्हा आधी तपासणी. या मोटारीला खाली वेगळी लोखंडी चौकट नाही. पत्र्याची बॉडी हीच तिची हाडे. सगळ्यात जास्त भार दारांखालच्या पेटीसारख्या नळीवर असतो. तिला सिल म्हणतात. ती आतून कुजली तर वरून रंग झकास दिसला तरी गाडी मधोमध खचते. ओळखायचे कसे? गाडी उभी असताना दाराच्या फटी पाहाव्यात. वर रुंद आणि खाली अरुंद, किंवा उलट, असे दिसले की समजावे, हाड मोडले आहे. सीबची हवा खारी आणि दमट. लोखंडाला खायला दुसरे काही लागत नाही. कोकणातल्या आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांचे गज आठवा म्हणजे कळेल. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर सिलमध्ये आरपार गेला.

इथे आम्हाला आमचा वॉर्ड आठवला. हाड मोडलेल्या माणसाला हलवण्याआधी आम्ही फळी बांधत असू. गाडीचेही तसेच. जुनी सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी पक्की जोडावी लागते. नाही तर बॉडी वाकते आणि मग दार जन्मात लागत नाही. एका वेळी एकच बाजू कापायची, दार लावून पाहायचे, मगच वेल्डिंग करायचे, आणि दुसऱ्या बाजूला हात घालायचा. पोराने वेल्डिंग एका मिस्त्रीकडून शिकून घेतले, दोन महिने नुसत्या भंगार पत्र्यावर हात बसवला आणि मग मोटारीला हात लावला. ही शिस्त आम्हाला फार आवडली. आम्हीसुद्धा माणसाला सुई टोचण्याआधी संत्र्याला टोचत होतो.

सुटे भाग काढताना दर पायरीला फोटो, दर बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव. लहान नट-वायसर ठेवायला त्याने आईची इडलीपात्रे घेतली: चार खळगे, चार सिलिंडर. मैत्रीण तक्रार करत होती की, “माझ्या इडलीला आता ग्रीसचा वास!” पण तक्रारीचा सूर काही खरा नव्हता.

इंजिनाची तपासणी ऐकून तर आम्ही चकित झालो. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला दाबमापक लावतात. अगदी आपले ब्लड प्रेशर. चारही आकडे जवळजवळ सारखे आले तर प्रकृती ठीक. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या; नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. इथे दोन सिलिंडरांचे व्हॉल्व्ह गेले होते. जुन्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसे असे, त्याने व्हॉल्व्हच्या बैठका टिकत. शिसे माणसाला, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला घातक, म्हणून ते काढले. भारतात 2000 साली बंद झाले. ते उत्तमच झाले. पण जुन्या इंजिनाला आता कडक धातूच्या बैठका बसवून घ्याव्या लागतात. तशा त्याने बसवून घेतल्या.

आता वादाचा मुद्दा. पोराच्या मनात होते की जुने इंजिन काढून टाकावे आणि नवे जपानी बसवावे. ताकद दुप्पट, कटकट कमी, एसीसुद्धा लावता येईल. मैत्रीण काही बोलेना. तिने आम्हाला निरोप पाठवला, “तू सांग त्याला. मी सांगितले तर त्याला वाटेल, आई रडते आहे.” आम्ही त्याला म्हणालो, “बाळा, आम्हाला इंजिनातले कळत नाही, पण शस्त्रक्रियेतले कळते. एक अवयव बदललास की बाकीच्यांना तो पेलवतो का, ते बघ.” त्याने कागद घेऊन हिशेब मांडला. नव्या इंजिनासाठी पुढचा पत्रा कापावा लागणार, गिअरबॉक्ससाठी मधला बोगदा रुंद करावा लागणार, वाढलेल्या ताकदीला ब्रेक अपुरे, रेडिएटर अपुरा. शिवाय ओमानात गाडीची नोंदणी रॉयल ओमान पोलिसांकडे असते, नोंदणीपत्राला ‘मुल्किया’ म्हणतात, आणि रचनेत असा बदल करायचा तर आधी त्यांची परवानगी हवी. एकदा पत्रा कापला की गाडी पुन्हा होती तशी होणे कठीण.

शेवटी त्याने स्वतःच एक नियम काढला, तो आम्ही इथे लिहून ठेवतो. जिथे जिवाशी गाठ आहे तिथे नवे घालायचे. जिथे ओळखीशी गाठ आहे तिथे जुने राखायचे. म्हणून इंजिन जुने राहिले, त्याचा आवाजही. ब्रेकच्या रबरी नळ्या, सील आणि तेल सगळे नवे. तीन ठिकाणी अडकणारे सीट बेल्ट नवे. या गाडीत सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत. त्याजागी बारा व्होल्टची एक. मोठ्या दिव्यांना मुळात फ्यूजच नव्हते. ते आणि रिले घातले, म्हणजे वायर तापून आग लागायची भीती कमी. ठिणगीसाठी पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, आणि सीबच्या उन्हासाठी रेडिएटरला विजेचा पंखा. यातले एकही काम पत्रा कापून केलेले नाही, आणि काढलेला प्रत्येक भाग नाव घालून पेटीत ठेवला आहे. उद्या कोणाला पुन्हा जसेच्या तसे करावेसे वाटले तर रस्ता मोकळा.

अशी वस्तू मुळाप्रमाणे ठेवण्याला आता कायद्यातही मान आहे. भारत सरकारने जुलै 2021 मध्ये नियम केला: पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि मोठे फेरफार न केलेले वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते, त्याच्या पाटीवर ‘व्हीए’ अशी अक्षरे येतात. आपल्याकडे इस्रायलात तीस वर्षांहून जुनी गाडी ‘रेखेव अस्फानुत’ म्हणून नोंदता येते. नाही तर जुन्या गाड्यांचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी! कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ती फियाट. शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर 2003 मधली, वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस त्या रस्त्यावरून गेल्या. लग्नाला, दवाखान्याला, आणि शेवटी विमानतळाला सामानासकट आपल्याला सोडायला आलेली तीच.

मुलांनो, आणखी एक गोष्ट. आपल्या हैफामध्येही एकदा स्पोर्ट्स कार बनवण्याचा घाट घातला गेला होता. ऑटोकार्स नावाच्या कंपनीने इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या मदतीने ‘साब्रा स्पोर्ट’ काढली आणि 1961 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली. तिची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे गंजाची बातच नाही. त्याच कंपनीच्या सुसिता गाडीबद्दल तर लोक सांगत की नेगेवमधले उंट तिची बॉडी खातात! उंटांनी खरेच खाल्ली की नाही ते उंटच जाणोत. पण गंजणाऱ्या लोखंडापेक्षा चघळला जाणारा फायबर बरा की काय, हे तुम्ही ठरवा.

आता आमच्या खऱ्या विषयाकडे येतो, म्हणजे मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तब्येतीकडे. हे सारे सुरळीत झाले असे नाही. सुरुवातीच्याच दिवसांत पोरगा नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरला होता. अंगणातल्या फरशीवर जॅक तिरका झाला आणि गाडी खाली आली. तो नुकताच बाहेर सरकला होता म्हणून वाचला. गाडी आली ती त्याच्या चपलेवर. मैत्रिणीच्या हृदयात दोन स्टेंट आहेत. त्या रात्री तिचा निरोप आला, त्यात नुसता श्वासाचा आवाज होता. दुसऱ्या दिवशी आम्ही पोराला नियम लिहून पाठवले आणि ते गॅरेजच्या भिंतीवर चिकटवायला लावले. तुमच्या घरी कोणी सायकल, स्कूटर, मोटार खोलत असेल तर तुम्हीही चिकटवा.

पहिला नियम: जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. खाली लोखंडी स्टँड, चाकांना अटकाव, जमीन सपाट आणि टणक. गाडी हलवून पाहावी, मगच खाली जावे. घरात दुसरे माणूस असल्याशिवाय जाऊच नये.

दुसरा: जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये आणि क्लचमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ती धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने कधीही उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे. या धुळीचा फुप्फुसाचा आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतो, तेव्हा “मला तर काही झाले नाही” म्हणून चालत नाही.

तिसरा: बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखते, झोप येते आणि माणूस उठत नाही.

चौथा: हार्डनर घालून फवारायच्या रंगात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते, त्याने कायमचा दमा जडू शकतो. साधा धुळीचा मास्क तिथे कामाचा नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. म्हणून घरी घासणे आणि प्रायमरचा हात घरीच, पण शेवटचा लाल रंग त्याने रंगाच्या कारखान्यात मारून घेतला.

पाचवा उन्हाचा. ओमानात जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी आहे. घरच्या हौसेला कायदा नाही, पण शरीर तेच. म्हणून काम पहाटे पाच ते आठ. घामाचा दुसराही तोटा: उघड्या पत्र्यावर घामाचा हात लागला की त्या दमट हवेत रातोरात गंजाचा ठसा उमटतो. सबब जेवढा पत्रा घासला तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर. आणि भरपूर घाम गेला तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. उन्हात माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसेल इतके तापले, तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा.

सहावा मुलांसाठी. टायरच्या कडेला चार आकडे शोधा. 2314 असे असले तर तो टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसली तरी उन्हात आणि वर्षांनी रबर मरते. आज आजोबांच्या गाडीचे टायर वाचून घरात सांगा. जुने निघाले तर आजोबांना टायरवाल्याकडे पाठवा. आणि आजोबांनी रागावू नये.

काम चालले तीन वर्षे. गाडी तपासणीत पास झाली. मग मैत्रिणीचा निरोप आला, पण आनंदाचा नव्हता. गाडी जमिनीला चिकटलेली, हिचा एक गुडघा बदललेला. “इतके सगळे केले पोराने, आणि मला आत बसताच येत नाही,” म्हणाली. हे काम मात्र मोटारवाल्याचे नव्हते, आमचे होते. आम्ही तिला कळवले: सीट पूर्ण मागे सरकवायची. सीटवर जाडशी गादी, तिच्यावर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी. गाडीकडे पाठ करून उभे राहायचे, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे टाकायचा, आधार धरून सावकाश बसायचे, आणि मग दोन्ही पाय जोडून एकदम आत वळायचे. पिशवी सरकते, गुडघा पिळत नाही. बसल्यावर पिशवी काढून टाकायची आणि पट्टा लावायचा. तिने तीन दिवस घरच्या बुटक्या खुर्चीवर सराव केला.

शुक्रवारी सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, पोराने तिला समुद्रकाठच्या रस्त्याने फिरवून आणले. वेग चाळीस. फोटोत तिने डोक्याला ओढणी बांधली आहे आणि ती समोर न बघता बाजूला, चालवणाऱ्या मुलाकडे बघते आहे. खाली तिने लिहिले होते, “आवाज तोच आहे.”

वाचकहो, घरात जुने यंत्र असेल, शिवणयंत्र असो, रेडिओ असो की मोटार, ते भंगारात देण्याआधी घरातल्या तरुणाला एकदा विचारा. आणि तो हो म्हणाला तर आधी हे नियम त्याच्या हातात द्या, मग पाना. आपले प्रश्न व अनुभव नेहमीप्रमाणे संपादकांच्या पत्त्यावर पाठवावेत. पुढच्या अंकी थंडीतले सांधे आणि तिळाचे तेल यांवर लिहू. तोवर सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.